वरच्या व्हेंटिलेटरच्या तीन पट्ट्या

मला सैल वस्तू सहन होत नाहीत. कुणाकडे चहाला गेलो आणि तिथली खिडकीची झडप वाऱ्याने आपटत असली, की समोरचा माणूस काय बोलतोय ते माझ्या कानात शिरतच नाही. बिजागरीचा कुठला स्क्रू गेला असेल, एवढंच डोक्यात फिरत राहतं. एकदा सासुरवाडीला पाहुणा म्हणून गेलो असताना मी जेवणाच्या आधी त्यांची न्हाणीघराची कडी बसवून दिली होती. बायको तेव्हापासून म्हणते, यांच्या पायाला भिंगरी आणि हाताला पेचकस. धुळ्याच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवतो. वर्गातही मला खुर्चीवर बसवत नाही.

आई जळगावला एकटी राहते. वडील जाऊन सहा वर्षं झाली. घर कॉलनीतलं, दोन खोल्या आणि मागे स्वयंपाकघर, वर उघडा स्लॅब. एप्रिल लागला की तो स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळी ते सगळं खाली सोडतो. मागच्या वर्षी मे महिन्यात आईला ऊन लागलं आणि एक दिवस सलाइन लावावं लागलं. तेव्हापासून माझ्या जिवाला स्वस्थता म्हणून नव्हती. दुपारी शाळेतून तिला फोन करायचो. तिने उचलला नाही की मी स्टाफरूममध्ये येरझाऱ्या घालायचो, आणि तिने उचलला की उशीर का केला म्हणून तिच्यावर ओरडायचो. ती म्हणायची, "मी काय फोन घेऊन बसली का उरावर? भांडे घासू राह्यली होती."

माझं म्हणणं सरळ होतं, तिने धुळ्याला आमच्याकडे राहावं. तिच्यासाठी म्हणून मी एका खोलीत एसी बसवला होता. तिचं म्हणणं त्याहून सरळ होतं. ती येणार नव्हती. तिचं माहेर रावेरकडचं, केळीच्या वाफ्यातून पाणी फिरवत मोठी झालेली बाई, तिला उन्हाची भीती घालणारा मी कोण! "चाळीस वर्षं या घरात उन्हाळे काढले, तेव्हा कोठी होता तुझा एसी?" मी तरी भांडायचो, ती पदर खोचून उठून जायची आणि आतून भांड्यांचा आवाज मुद्दाम जरा मोठा यायचा.

शेवटी मार्च संपता संपता आमच्यात करार झाला. मी म्हटलं, चार दिवस घर माझ्या ताब्यात दे. सगळ्या खिडक्या, झडपा, पडदे मी नीट करतो. ऊन आत येता कामा नये. एवढं करून घर गार राहिलं, तर उन्हाळा इथेच काढ. नाही राहिलं आणि तुला पुन्हा त्रास झाला, तर मुकाट्याने धुळ्याला यायचं. आईने थोडा विचार केला.

"आन गार राह्यलं, तर पुन्हा हा विषय काढायचा नही. कधीच नही."

"कबूल."

कबूल म्हणताना माझ्या मनात काय होतं ते आता लपवण्यात अर्थ नाही. काम मी जीव तोडून करणार होतो, पण ते फसावं असंही मला कुठेतरी वाटत होतं.

जोडून आलेल्या सुट्ट्यांत मी जळगावला गेलो. पहिल्या दिवशी पुढच्या खोलीच्या झडपा काढल्या. लाकडी झडपा, वडिलांनी दर दिवाळीला रंग देऊन देऊन कडा इतक्या जाड केलेल्या की त्या चौकटीत बसतच नव्हत्या. रंधा मारला. बिजागऱ्यांची भोकं मोठी झाली होती, स्क्रू नुसते गरगर फिरायचे. त्या भोकांत काडेपेटीच्या काड्या डिंकात बुडवून ठोकल्या आणि वाळल्यावर स्क्रू पिळले, ते घट्ट बसले. काचांच्या कडेची लांबी, म्हणजे पुट्टी, निघून गेली होती, ती नवी भरली. आई मागे उभी राहून सूचना देत होती. तिला सुतारकामातलं ओ की ठो कळत नाही, पण सूचना करण्यावाचून तिला राहवत नाही. हा स्वभाव मी कुठून घेतला हे सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी ओट्यावरची चिक. बांबूच्या कामट्यांचा तो पडदा गेली दोन वर्षं अर्धवट लोंबकळत होता, कारण त्याची दोरी उन्हाने कुजून तुटली होती. मी नायलॉनची दोरी आणली आणि कड्यांतून ओवायला बसलो. ओवली, ओढली, तर डावी बाजू वर आणि उजवी खाली. पुन्हा सोडली, पुन्हा ओवली, तर आता उजवी वर. तिसऱ्यांदा चिक मधूनच दुमडली आणि वरची धूळ थेट माझ्या डोक्यात. आई ओट्यावर बसून पोटभर हसली. शेजारच्या अक्कांना हाक मारून तिने तो तमाशा दाखवला. "पाहा, पोरांले विज्ञान शिकवते हा." मग उठून तिने दोरीचं एक टोक स्वतःच्या हातात धरलं, दुसरं मला धरायला लावलं आणि दोघांनी मिळून ओढल्यावर चिक सरळ खाली आली. ओट्यावर एकदम सावली झाली. आम्ही दोघं तिथे बसून टरबूज खाल्लं. तो दिवस चांगला गेला.

तिसऱ्या दिवशी मात्र माझ्या अंगात आलं. आता घराला एक फट राहू द्यायची नाही असं मी ठरवलं. खिडक्यांच्या कडांना फोमच्या पट्ट्या चिकटवल्या. पुढच्या आणि मागच्या दाराखाली रबर लावलं. धुळ्याला एसी बसवणाऱ्याने आमच्या खोलीत हेच केलं होतं आणि ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या वर, छताजवळ, एक व्हेंटिलेटर आहे. आडव्या लाकडी पट्ट्यांचा, हातभर रुंद. त्याच्या सहा पट्ट्यांपैकी तीन कधीच्याच गळून गेलेल्या. तिथून धूळ यायची, चिमणी येऊन काड्या टाकायची.

"त्या पट्ट्या तेवढ्या बसव," आई म्हणाली. "तुझ्या बापाले सांगून सांगून माझी जीभ झिजली. करतो, करतो म्हनत गेले."

लाकडाच्या वखारीजवळ एक म्हातारे मिस्त्री बसतात, पारोळ्याकडचे. त्यांना मी माप दिलं. त्यांनी पट्ट्या कापता कापता विचारलं, "भाऊ, कोनती खिडकीन्या शेतस ह्या?"

"वरच्या व्हेंटिलेटरच्या."

"घरमा एसी शे का?"

मी घाईत होतो. फोनवर शाळेतल्या कुणाचा तरी निरोप वाचत होतो. घर म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे माझं घर आलं. मी म्हटलं, "आहे."

"मंग ठीक शे. बठ्ठं बंद करी टाका."

मी बठ्ठं, म्हणजे सगळंच, बंद केलं. स्टुलावर चढून तीन पट्ट्या खाचेत सरकवल्या आणि बारीक चुका ठोकून पक्क्या केल्या. संध्याकाळी आईच्या खोलीच्या खिडकीत बसवलेला जुना कूलर लावून बघितला. दिवस उतरलेला, अजून खरा उन्हाळा तापलेला नव्हता, छान वाटलं. आई खूश होती. खिडकीची कडी लावून बघत होती, पुन्हा काढत होती, पुन्हा लावत होती. एका बोटाने लागायची आता ती. "तुझा बाप असता तर म्हनला असता, पोरगं कामाचं निघालं," ती म्हणाली. तिच्या तोंडून एवढं कौतुक मला दहावीच्या निकालालाही मिळालं नव्हतं.

मी धुळ्याला परतलो. दहा-बारा दिवस बरे गेले. मग एप्रिलचा तिसरा आठवडा आला आणि जळगावने आपला खरा रंग दाखवला. दुपारी अकरानंतर रस्त्यावर कुत्रं दिसेना. आई फोनवर म्हणायची, घर बरं आहे, जरा दमट वाटतं, पण बरं आहे. दमट हा शब्द तिने दोनदा तरी उच्चारला असेल. मी ऐकला नाही. ऊन आत येतं का, एवढंच मी विचारत होतो.

एका दुपारी चारच्या सुमाराला अक्कांचा फोन आला. आई झोपून उठली ती घामाने निथळतच, दार उघडून ओट्यावर आली आणि तिथेच खाली बसली. डोळ्यांपुढे अंधारी आली होती. उठता येईना. अक्कांनी तिला आपल्या घरी नेऊन निजवलं, डॉक्टरांना बोलावलं.

गाडी कशी चालवली ते आठवत नाही. पारोळ्याला एक ट्रॅक्टर आडवा आला, त्याला मी काच खाली करून वाट्टेल ते बोललो. एरंडोलच्या पुढे दोन मिनिटं झाडाखाली थांबलो, आणि थांबलो म्हणून स्वतःवरच चिडून पुन्हा निघालो. पोचलो तेव्हा आई अक्कांच्या पलंगावर पडलेली होती. तोंड उतरलेलं, केस कपाळाला चिकटलेले. डॉक्टर म्हणाले होते, रक्तदाब उतरला, अंगातलं पाणी कमी झालं. वय झालं, आता यांना उन्हाळा झेपत नाही, एकटं ठेवू नका.

मी तिच्या उशाशी उभा राहून काय बोललो? "कसं वाटतंय" असं विचारलं नाही. मी म्हटलं, "झालं? आता तरी पटलं?"

मला वाटलं होतं ती भांडेल. खिडकीला नावं ठेवेल, कूलरला ठेवेल, निदान मला तरी चार शब्द ऐकवेल. ती छताकडे बघत होती. म्हणाली, "हो. चाल."

एवढंच. वर्षभर ज्या शब्दासाठी मी डोकं फोडलं, तो तिने असा देऊन टाकला. मला आनंद व्हायला हवा होता, तो झाला नाही.

दुसऱ्या दिवशी आवराआवर सुरू झाली. आमच्या गल्लीत दर उन्हाळ्यात सात-आठ घरच्या बायका मिळून ज्वारीचे बिबडे करतात. ज्वारी भिजवून आंबवायची, कांडायची, मोठ्या पातेल्यात शिजवायची आणि पहाटेच गच्चीवर धोतराच्या कापडावर पातळ पापड थापायचे. ज्वारी पुरती आंबली की नाही ते आई नुसत्या वासावरून सांगते, आणि पीठ शिजलं की नाही ते लाकडी घोटा फिरवताना हाताला कळतं म्हणे. हा घोटा वीस वर्षं तिच्याच हातात आहे. लेकी-सुनांनाही ती तिथे दम देते. त्या दिवशी दुपारी तिने तो घोटा धुतला, पुसला, पदराखाली घेतला आणि म्हणाली, "अक्काले देऊन येते. यंदा मले धरू नका म्हनते. आता माझ्यानं व्हायचं नही."

"तू कशाला उन्हात जातेस, मी देतो," मी म्हटलं.

"शेजारी तं जायचं हाये. एवढं तरी जाऊ दे."

ती गेली. मी तिच्या खोलीत कूलर पूर्ण वेगावर लावून तिची बॅग भरायला बसलो. दहा मिनिटांत शर्ट पाठीला चिकटला. चहा ठेवावा म्हणून आत गेलो, तर काडेपेटीची एकही काडी पेटेना. चार ओढल्या, चारही नुसत्याच चिरडल्या. स्वयंपाकाच्या ओट्यावर मिठाची बरणी होती, मीठ ओलंगच्च. टेबलावरचं वर्तमानपत्र हातात घेतलं तर कापडासारखं लोंबलं. कूलर घों घों करत होता आणि हवा मात्र येत नव्हती. जाळीजवळ हात नेला तर कुठे जराशी झुळूक.

मी दरवर्षी सातवीच्या वर्गात टेबलावर दोन तापमापक मांडतो. एकाच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळलेलं, दुसरा कोरडा. मुलांना सांगतो, हवा जितकी दमट तितका घाम कमी वाळतो, आणि घाम वाळला नाही तर शरीर निवत नाही. त्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या मधोमध उभा राहून मान वर केली आणि माझ्या त्या तीन नव्या पट्ट्यांकडे बघितलं. कूलर बाहेरची हवा ओली करून आत ढकलतो. जितकी आत येते तितकी बाहेर जायला हवी, हे जळगावात रिक्षावाल्यालाही ठाऊक असतं. कूलर लावला की कुठेतरी खिडकी उघडी ठेवायची. आईने ती कधी ठेवली नव्हती, कारण तिला कधी ठेवावी लागली नव्हती. त्या गळलेल्या पट्ट्यांच्या जागेतून सगळी दमट हवा वर्षानुवर्षं आपोआप बाहेर जात होती. ती वाट मी बुजवली होती. एसीला खोली बंद लागते, कूलरला वाट लागते; मिस्त्रींनी एसीचं का विचारलं होतं, ते मला तेव्हा कळलं.

स्टूल ओढलं. पक्कडीने चुका उपटल्या, पट्ट्या ओढून काढल्या. आधी काहीच झालं नाही. मग मधल्या दाराचा पडदा हळूच मागच्या बाजूला फुगला आणि तसाच राहिला. कूलरचा आवाज बदलला. पाच-सात मिनिटांत माझ्या मानेवरचा घाम वाळला, आणि मी मूर्खासारखा खूश होऊन स्टुलावर उभा राहिलो. प्रयोग जमला होता ना! आता ती येईल, तिला सांगायचं, आई, तुला काही झालेलं नाही, चूक माझी आहे, घोटा परत आण.

मग लक्षात आलं, हे सांगितलं की ती येणार नाही. करार करारच होता. घर गार राहत होतं. मग मे महिना, मग जून, पुन्हा रोज दुपारी फोन, पुन्हा तो न उचललेला फोन आणि स्टाफरूममधल्या येरझाऱ्या. काल तिचा तो उतरलेला चेहरा मी बघितला होता. आज माझ्यामुळे झालं, उद्या दुसऱ्या कशाने होणार नाही कशावरून? हे सगळं मी स्वतःला भराभर समजावलं. पण खरं कारण याहून लहान होतं. मी थकलो होतो, आणि मला सुटका हवी होती.

बाहेर फाटकाची कडी वाजली. मी त्या तीन पट्ट्या उचलल्या आणि पुन्हा खाचेत सरकवून दिल्या. चुकाही ठोकल्या नाहीत, नुसत्या दाबून बसवल्या. स्टूल बाजूला सरकवलं.

आई आत आली. मी पुन्हा घामाघूम झालो होतो. तिने पदराने माझं कपाळ पुसलं, लहानपणी पुसायची तसं. "किती करतं रे तू माझ्यासाठी," ती म्हणाली. मी तिची बॅग भरायला वळलो.

धुळ्याला ती आली आणि तिथे तिला कसलाही त्रास झाला नाही. एसीच्या खोलीत ती पांघरूण घेऊन बसायची. जेवण पुढे येईल ते जेवायची. भाजीत मीठ कमी आहे, असं ती बायकोला एकदाही म्हणाली नाही, आणि यावरून बायकोच मला म्हणाली की आईंना काहीतरी झालंय. रोज सकाळी ती मला रक्तदाब मोजायला लावायची. आकडा चांगला आला तरी मशीन बिघडलं असेल म्हणायची. जिना उतरण्याआधी विचारायची, "जाऊ का?" पाण्याची कळशी उचलताना थांबायची आणि कुणीतरी येईपर्यंत तिच्याजवळ उभी राहायची. सुरुवातीला अक्कांचा फोन यायचा, ज्वारी किती दिवस भिजवू, वास कसा यायला हवा. आई सांगायची. मग एक दिवस तिने फोन घेतलाच नाही. "त्याहिले जमते आता," म्हणाली.

मी घरभर फिरत राहायचो. नळाचे वॉशर बदलले. पंख्यांची पाती पुसली. चांगल्या असलेल्या बिजागऱ्यांना तेल घातलं. सुट्ट्या लागल्या होत्या, वेळ जाता जात नव्हता, आणि तिच्यासमोर पाच मिनिटं सरळ बसणं मला जमत नव्हतं. रोज ठरवायचो, आज सांगू. रोज काहीतरी काम निघायचं.

तिच्या खोलीच्या खिडकीला अॅल्युमिनियमच्या बारीक पट्ट्यांचे ब्लाइंड्स आहेत. मे महिन्याच्या अखेरीस त्यांची दोरी आत अडकली आणि एक बाजू तिरकी वर राहिली. मी स्टुलावर चढून वरची पट्टी उघडली. दोरी सोडवायला दुसऱ्या टोकाला कुणीतरी हलकं धरून ठेवायला हवं होतं. मी म्हटलं, "आई, हे टोक धर जरा."

ती उठली. दोन पावलं आली आणि थांबली. आपला उजवा हात पुढे करून तिने त्याच्याकडे नीट पाहिलं.

"नको. सूनबाईले बोलाव," ती म्हणाली. "माझा हात कापते. सोडून दिलं मी तं तू पडशीन."

हात कापत नव्हता. मी बघत होतो, जराही कापत नव्हता.

मी स्टुलावरून उतरलो आणि खाली फरशीवर बसलो. सगळं सांगितलं. पट्ट्या, कूलर, मिस्त्रींचा प्रश्न, काडेपेटी, पडदा फुगला तो, सगळं. पट्ट्या परत बसवल्या तेही सांगितलं. ती पलंगाच्या कडेला बसून ऐकत होती.

"मंजे मले काही झालं नोतं," ती म्हणाली.

"नाही."

"आन तुले त्याच दिवशी कळलं. मी घोटा द्यायले गेली होती तेव्हा."

"हो."

मला वाटलं, रडेल. रडली असती तर बरं झालं असतं. मग ती बोलली ते अगदी सावकाश बोलली.

"मी म्हातारी होईन तेव्हा होईन. ते माझं मले कळलं असतं. तू मले खोटं सांगितलं रे. मी महिनाभर रोज सकाळी उठून हातपाय हालवून पाहू राह्यली का आज कोनता गेला."

मी तिचे पाय धरायला गेलो, तर तिने पाय वर घेतले. "बॅग भर," म्हणाली.

त्याच दिवशी तिला जळगावला घेऊन गेलो. गाडीत ती मागच्या सीटवर बसली. नेहमी पुढे बसते, आणि पूर्ण रस्ता मला गाडी कशी चालवायची ते शिकवते. त्या दिवशी मी दोनदा चुकीच्या बाजूने ओव्हरटेक केलं तरी ती काही म्हणाली नाही.

घर उघडलं. कोंदट वास आला. मी आधी पेचकस न शोधता स्टूलच शोधलं, चढलो, तिच्यासमोर त्या तीन पट्ट्या काढल्या आणि मागच्या अंगणात फेकून दिल्या. कूलरमध्ये पाणी भरलं, बटण दाबलं. ती खोलीच्या मधोमध उभी होती. थोड्या वेळाने मधल्या दाराचा पडदा मागे झुकला. बाहेर ऊन रणरणत होतं आणि खोलीत गार वारा वाहू लागला.

"झालं ना गार?" मी विचारलं.

"झालं," ती म्हणाली.

मी आत जाऊन चहा ठेवला. पहिल्याच काडीला गॅस पेटला. कप घेऊन आलो तेव्हा ती अजून तशीच उभी होती, एक हात भिंतीला टेकून. चहा तिने घेतला नाही. माझ्याकडे बघत, मी तिला आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं अशा हळू आवाजात तिने विचारलं, "आता एकटी झोपू ना मी दुपारी? काही होनार तं नही?"

मी म्हटलं, "नाही होणार, आई. खरंच काही होणार नाही."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिला ते खरं वाटलं नाही. माझ्यावर विश्वास ठेवायला आता तिच्याकडे कारण तरी काय होतं?